दोन भिंतींच्या मधली जागा

माझ्या मुलीने मला एका रिकाम्या घरात राहायला पाठवलं, तेव्हा ओहायोतल्या डब्लिनच्या मराठी बायकांना वाटलं, आमचं फाटलं. मी तो समज घाईघाईने दूर केला नाही. दोन घरांतून आमटी-भात आला. एकीने पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी फॉइलमध्ये गुंडाळून आणली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "मावशी, काही लागलं तर संकोच करू नका." मीही पदर नसताना पदर सावरल्यासारखं केलं. पोळ्या संपल्यावर खरं काय ते सांगितलं.

खरं असं, की ते नमुन्याचं घर होतं. माझी मुलगी इंजिनियर. मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून ती काही वर्षं एका छोट्या संस्थेत काम करते आहे. युद्धात ज्यांची गावं पडली, त्यांच्यासाठी ही माणसं घरं आखतात. घर दोन अर्ध्या भागांत बनतं. प्रत्येक भाग कारखान्यात नळ, दिवे, खिडक्यांसकट पुरा करायचा, ट्रकवर चढवायचा आणि जागेवर नेऊन दोन्ही भाग बोल्टने जोडायचे. भिंती लाकडाच्या, त्यांच्या पोटात लाकडाच्याच धाग्यांचा जाड भरावा, त्यामुळे कडक थंडीतही हीटर जेमतेम लावावा लागतो. पाया घालायचा तो पडलेल्या घरांचा राडारोडा दळून. उद्या माणसं वाढली तर तिसरा भाग जोडा. गाव सोडायची वेळ आली तर बोल्ट काढा आणि घर घेऊन चला. खरी घरं तिकडेच बनणार होती, युक्रेनमध्ये. नमुना मात्र इथे ओहायोत, गावाबाहेर, मक्याच्या शेताला लागून असलेल्या एका वर्कशॉपच्या मागे उभा केला होता.

त्या घराच्या भिंतींत जागोजागी सेन्सर बसवले होते. माणूस आत राहतो, श्वास घेतो, अंघोळ करतो, तेव्हा ओल किती धरते, ऊब किती टिकते आणि तो कुठे किती वावरतो, हे मोजायचं होतं. अशा गावांत सगळ्यांच्या आधी परत जातात ती म्हातारी माणसं. म्हणून मोजमापाला म्हातारं माणूस पाहिजे होतं. ते त्यांना घरातल्या घरात मिळालं.

"फक्त नॉर्मल राहायचं, आई," मुलगी म्हणाली. "आपल्या घरी राहतेस तसं."

इथेच तिचं चुकलं. मी घरी कुठे नॉर्मल राहते?

माझा पाय एका जागी टिकत नाही. लहानपणी आई म्हणायची, हिच्या तळव्यांना खाज आहे. आता गुडघे कुरकुरतात, पण तळवे ऐकत नाहीत. त्या घरात दोन खोल्या, एक स्वयंपाकाचा कोपरा आणि एक बाथरूम. मी सकाळपासून येरझाऱ्या घालायची. खिडकी उघड, बंद कर, जोडावरून बोट फिरव, टेबल इकडचं तिकडे कर. मार्च महिना, बाहेर बर्फ वितळून नुसता चिखल, त्यात मक्याची खुंटं उभी. बघायला काही नाही, तरी मी दर थोड्या वेळाने बघून यायची. मग मुलीचा फोन.

"आई, तू बसतेस कधी? ग्राफवर तू सारखी चालतेयस."

"मग ग्राफला सांग, म्हातारी माणसं चालतात."

"आणि टेबल का मूव्ह केलंस? सेन्सर ब्लॉक झालाय."

तिला वाटतं, मला या घरांतलं काही कळत नाही. तरुणपणी माझं स्वतःबद्दल नेमकं उलटं मत होतं: मला सगळंच कळतं. ठाण्याहून मी या देशात आले ती स्थापत्य अभियांत्रिकीतली फर्स्ट क्लासची पदवी आणि दोन सुटकेसी घेऊन. मला पूल बांधायचे होते. मला नोकरी मिळाली ती चाकांवरची घरं बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे खोकी ठोकावीत तशी घरं ठोकत. मुलाखतीला मी कांजीवरम नेसून गेले होते, कारण इंजिनियर बाई भारदस्त दिसली पाहिजे. मला आधी हेल्मेट दिलं आणि मग हसू आवरायला दोन माणसं बाहेर गेली. घरी मी कळवलं की मी एका गृहप्रकल्पावर स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, सोबत मी आणि घर असा फोटोही पाठवला. वडिलांनी तो चाळभर फिरवला. नंतर त्यांचं पत्र आलं: फोटो उत्तम, फक्त घराला चाकं दिसतात, तेव्हा घर तू चालवतेस की जावईबापू? पुढे कितीतरी वर्षं मी तीच खोकी आखली. पूल एकही बांधला नाही. गाड्या चालवून पुलांवरून गेले, तेवढंच.

तर अशी मी त्या नमुन्याच्या घरात चुळबुळ करत असताना मुलीने सांगितलं, की शनिवारी पाहुणी येणार आहे.

पाहुणी म्हणजे माझ्याच वयाची एक युक्रेनियन बाई. तिकडे शाळेत गणित शिकवायची. युद्ध सुरू झालं तसं मुलाने तिला इकडे कोलंबसला आणलं. तो इथे इलेक्ट्रिशियन आहे. त्याच्या तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये ती राहत होती. गावातलं तिचं घर पडलं होतं. आता त्या गावाच्या कौन्सिलने पहिली काही घरं उभी करायचं ठरवलं होतं, ती माझ्या मुलीच्या आराखड्याची. त्यातलं एक या बाईला, तिच्याच जुन्या जागेवर, मिळणार होतं. हो की नाही, हे तिने महिनाअखेरपर्यंत कळवायचं. नाही म्हणाली तर घर पुढच्या माणसाला.

"तिचा मुलगा तिला पाठवायला तयार नाहीये," मुलगी म्हणाली. "पण तिने हो म्हटलं पाहिजे, आई. तिच्या गल्लीतले बाकीचे लोक तिच्याकडे बघतायत. ती गेली तर ते जातील. प्लीज, शनिवारी तू जास्त बोलू नकोस. चहा दे, पॅकेटमधली बिस्किटं दे, बस."

मी मान डोलावली. पण बाई पहिल्यांदा घरात येणार आणि तिच्यापुढे पॅकेटमधली बिस्किटं ठेवायची, हे माझ्या हातून व्हायचं नव्हतं. माझ्या बॅगेत जाडे पोहे होते, कांदे होते, लोखंडी कढई होती. ती नेली होती हे मुलीला ठाऊक नव्हतं.

इथल्या आमच्या बहुतेक घरांत हॉटेलातून आणलेली एक शॉवर कॅप असते. ती डोक्यासाठी नसते. फोडणी करायच्या आधी ती छतावरच्या धुराच्या अलार्मला घालायची आणि जेवण आटोपलं की काढायची. हे कोणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलपासून डब्लिनपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तरुणपणी मी खुर्चीवर उडी मारून चढायची. आता झाडूच्या दांड्याने टोपी चढवते. ती कला आहे. शनिवारी सकाळी मी स्वयंपाकाच्या कोपऱ्यातल्या अलार्मला टोपी घातली, तिरकी, आणि दुपारची वाट बघत घरभर फिरत राहिले.

ती आली. उंच, सरळ पाठीची, हातात मोठी कापडी पर्स. सोबत मुलगा, चाळिशीचा, दाढी वाढलेला, दारातच बूट काढून उभा. वर्कशॉपमध्ये सगळे मला आजी म्हणतात म्हणून तोही "आजी" म्हणाला, जरा अडखळत. बाईला इंग्रजी थोडं येत होतं, पण बोलायची ती आपल्याच भाषेत, आणि मुलगा सांगायचा.

तिने घर तपासलं ते पेपर तपासावा तसं. भिंतीवर बोटाने टकटक केलं. खिडकीला हात लावला, काच गार लागत नाही म्हणून मान हलवली. पलंगावर बसून थोडी उसळून बघितली. पाया कशाचा, असं विचारलं. पडलेल्या घरांचा राडारोडा दळून, असं मुलीने सांगितलं.

"म्हणजे माझं घर माझ्या घराखाली," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

मी कढईपाशी उभी राहून सगळं बघत होते. माझ्या मुलीचा चेहरा उजळत चालला होता. त्या मुलाचा उतरत चालला होता. दोघांचं एकाच बाईकडे लक्ष. मला काय वाटत होतं ते कोणी विचारलं नव्हतं आणि मलाही नीट सांगता आलं नसतं. मी तेल तापवलं. मोहरी तडतडली, हिंग, लाल मिरच्या. मिरच्या जरा जास्तच काळ्या झाल्या, कारण माझं लक्ष पोह्यांत नव्हतं.

हे घर असं बांधलं होतं की वाऱ्याचा बारीक झोतही आत येऊ नये. म्हणजे धूरही कुठे बाहेर जाणार नव्हता. तो झोपायच्या खोलीत गेला. तिथे दुसरा अलार्म होता, टोपी न घातलेला, आणि सगळे अलार्म एकमेकांना जोडलेले. एक ओरडला तसे सगळे ओरडले, माझा टोपीवालासुद्धा.

मुलगी खिडक्या उघडत धावली. मी टॉवेलने वारा घालत होते. आवाज थांबला तेव्हा बघितलं, तर पाहुणी जागेवर नव्हती.

ती फ्रिज आणि कपाट यांच्या मधल्या अरुंद फटीत उभी होती, पाठ भिंतीला टेकवून, पर्स छातीशी घट्ट. तिचा मुलगा तिच्यापुढे उभा होता, खिडकीकडे पाठ करून, एक हात कपाटावर टेकवून. दोघं घाबरलेली दिसत नव्हती. बस थांब्यावर उभं राहावं तशी उभी होती.

"सॉरी, सॉरी," मुलगी म्हणाली. "इट्स जस्ट कुकिंग. माझी आई..."

बाई बोलली, आणि मुलाने सांगितलं: "ती म्हणते, स्वयंपाक आहे हे मला कळतं. मिरचीचा वास माझ्या नाकाला येतो. माझ्या पायांना येत नाही."

मग ती बाहेर आली, कपडे सारखे केले आणि मुलीला विचारलं, "तुमच्या या घरात बसायचं कुठे?"

मुलीने खुर्ची पुढे केली.

"तसं बसायचं नाही," मुलगा म्हणाला. मग त्यानेच समजावलं. तिकडे भोंगा वाजला की माणसं दोन भिंतींच्या मधे जाऊन बसतात. बाहेरची भिंत धक्का घेते, आतली भिंत काचा अडवते. खिडकी नसलेली बाथरूम, पॅसेज, अशी जागा. इथे कोलंबसच्या अपार्टमेंटमध्येही आईने पॅसेजमधलं कोटांचं कपाट रिकामं करून घेतलंय. "फायर इंजिन गेलं तरी ती तिथे जाते. मग परत येऊन भाजी चिरते."

"पण शेल्टर आहे ना," मुलगी म्हणाली. "काँक्रीटचं, जमिनीखाली. गल्लीच्या टोकाला. नियमाप्रमाणेच आहे."

बाईने ते ऐकून घेतलं. "बर्फात, या गुडघ्यांनी? मी बुटांच्या नाड्या बांधून होईपर्यंत सगळं संपलेलं असतं. आमच्या गल्लीतली एकही म्हातारी शेल्टरमध्ये जात नाही. तुमच्या नकाशात आम्ही पळतो."

मग ती बाथरूमकडे गेली. बाथरूम बाहेरच्या भिंतीला लागून होती, मोठ्या खिडकीची, उन्हाने भरलेली. माझ्या मुलीला त्या खिडकीचा फार अभिमान: दिवसा दिवा नको, पंखा नको, वीज वाचते. बाईने खिडकी बघितली आणि दार हळूच ओढून घेतलं.

"छान घर आहे," ती म्हणाली. अक्षर सुंदर आणि उत्तर चुकलेलं असलं की शिक्षक जसं बोलतात, तशा आवाजात.

पोहे मात्र तिने दोनदा घेतले. काळ्या मिरच्या काढून ताटलीच्या कडेला नीट ओळीने लावल्या. जाताना तिच्या मुलाने माझ्या मुलीशी हात मिळवला, आणि त्याच्या चेहऱ्यावरची सुटका लपत नव्हती.

ते गेले तसं मुलीने मला बोलायला पाहिजे होतं. कढईबद्दल, टोपीबद्दल, सगळ्याबद्दल. त्याऐवजी तिने झाडूच्या दांड्याने टोपी खाली पाडली, ती खिशात घातली, आणि कपाटासमोर उभी राहून त्या फटीकडे बघत राहिली. मला ती गप्प असलेली सोसत नाही. मी फेऱ्या मारायला लागले.

एकाहत्तरच्या युद्धात आम्ही ठाण्यात होतो. ब्लॅकआउट. काचांना काळे कागद. भोंगा झाला की आई आम्हां सगळ्यांना जिन्याखाली बसवायची, शेजारपाजारच्यांसकट. मी तेव्हा इंजिनियरिंगला होते, भार आणि ताण नुकतेच शिकलेले. मी काय करावं? जिन्याखालच्या भिंतीवर खडूने गणित मांडून आईला सिद्ध करून दाखवलं, की बॉम्ब पडला तर पहिल्यांदा जिनाच कोसळेल. वर आसपासच्या बायकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. आईने गणित शेवटपर्यंत बघितलं. "बरोबर आहे," म्हणाली, "आता सरक, मला बसू दे." इतकी हुशार मुलगी ठाण्यात दुसरी नव्हती. त्या भिंतीवरचं माझं गणित पुढे कितीतरी दिवस तसंच होतं, आणि युद्ध संपल्यावरही आईने तिथे कोणाला सायकल ठेवू दिली नाही.

मुलीला मी हे सांगितलं. ती म्हणाली, "मग मी काय करू? लाकडाची भिंत मिसाइल थांबवत नाही, आई. ही खोटी सिक्युरिटी आहे."

"भिंत काचा तरी अडवते की."

"सगळे साचे तयार आहेत. तिकडे कारखाना वाट बघतोय."

मी त्या फटीत शिरून मागच्या भिंतीवर मूठ आपटली. आवाज भरीव आला. आमच्या धंद्यात ही साधी गोष्ट आहे. घराचा अर्धा भाग रस्त्याने एकटा जातो, म्हणून त्याला चारही बाजूंनी स्वतःची भिंत लागते. दोन भाग जोडले की जोडावर दोन भिंती येतात, पाठीला पाठ लावून, घराच्या ऐन मध्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पाहुणी न विचारता जाऊन टेकली ती नेमकी त्या भिंतीला.

"बाथरूम इथे आण," मी म्हटलं. "मधल्या जोडाला चिकटवून. मग चहूबाजूंनी तिच्यात आणि बाहेरच्यात दोन दोन भिंती."

"विंडो जाते."

"जाऊ दे."

"डेलाइट जातो. पंखा सतत चालू ठेवावा लागेल. विजेचा आकडा वाढेल. आई, तीन वर्षं मी तो आकडा खाली आणतेय." तिचा आवाज चढला. मग एकदम पडला. "तुला ते दिसतं का? तू टेबल हलवतेस आणि मी आकडा हलवते. आपण दोघी सारख्याच आहोत."

मला तिची दया आली, आणि मला दया आली की मी काहीतरी मूर्खपणाचं सांगते. मी तिला माझ्या पहिल्या शोधाची गोष्ट सांगितली. कारखान्यात लागले त्याच वर्षी मी हिशेब केला, की जोडावर दोन भिंती म्हणजे निव्वळ लाकडाची नासाडी. एक काढा. मी सुंदर ड्रॉइंग काढलं, मोठ्या साहेबांपुढे ठेवलं, पूर्वेकडून प्रकाश अंगावर पडल्यासारखी उभी राहिले. त्यांनी माझ्या हट्टापायी एक अर्धं घर तसं करूनही बघितलं. क्रेनने उचललं तर ते तव्यावरून उलथण्याने उचललेल्या कच्च्या थालीपिठासारखं मधे लवलं आणि खिडकीतून टॉयलेटचा कमोड खाली आला. माझं ड्रॉइंग मग कँटीनमध्ये लावलं होतं, कॉफीच्या मशीनवर.

"कमोड?" मुलगी म्हणाली.

"अखंड. नुसता एक टवका उडाला होता."

तिला हसायचं नव्हतं. हसली. आणि गाडीतून निळी चिकटपट्टी घेऊन आली.

त्या दुपारी आम्ही जमिनीवर पट्ट्या लावून नवी बाथरूम आखली, उखडली, पुन्हा आखली. सोमवारपासून वर्कशॉपची माणसं आली आणि खरोखर तोडफोड सुरू झाली. मी घर सोडायला नकार दिला. मोजमाप चालू होतं ना. बाथरूम नसल्याने वर्कशॉपमधल्या टॉयलेटला जायचं, चिखलावर टाकलेल्या फळ्यांवरून, हातात छत्री. नातू कॉलेजमधून फोनवर म्हणाला, "आजी, जस्ट गो होम, यार." पण मला चैन नव्हतं. महिना संपत आला होता आणि पाहुणीचा निरोप नव्हता. करवतीच्या आवाजात मी भिंत मोजायची, परत मोजायची, जणू ती रात्रीतून सरकेल.

मधेच एक दिवस तिचा मुलगा एकटा आला. मला वाटलं, नाही सांगायला आला. त्याने काही न बोलता नव्या भिंतीतल्या वायरी बघितल्या, एक चुकीची जोडणी सोडवून परत जोडली. मग फळीवर बसला. मी चहा दिला.

"आजी," तो म्हणाला, "तुम्ही हे का करताय? तिला ते घर आवडलं नव्हतं. मी दोन दिवस नीट झोपलो."

"माझे हात गप्प बसत नाहीत," मी म्हटलं.

तो हसला नाही. "तिकडे अजून भोंगे वाजतात. तिला काही झालं तर मी इथे असणार. कोणाच्या तरी किचनमध्ये प्लग बसवत."

"आणि इथे ती काय करते दिवसभर?"

त्याने कप फळीवर ठेवला. "तिसरा मजला. लिफ्ट नाही. खिडकीतून पार्किंग लॉट दिसतो. कोणाची गाडी कुठे असते ते तिला पाठ आहे." मग म्हणाला, "मला एवढंच हवंय, की ती राहावी."

मी आणखी साखर हवी का विचारलं. तो गेल्यावर मी दारातून टेबलापर्यंत, टेबलापासून दारापर्यंत चालत राहिले. बाई गेली तर हा मुलगा तुटणार. राहिली तर ती पार्किंग लॉट मोजत संपणार, आणि माझी मुलगी नव्याने सुरुवात करणार. भिंत हलवून मी कोणाची बाजू घेतली होती? मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, भिंत हलवली. बाकी तिचं." माझ्यासारख्या बाईला 'बाकी तिचं' हे दोन शब्द फार जड जातात.

महिना संपायला थोडे दिवस असताना बाई आली. बोलावलं माझ्या मुलीने, पण आणलं त्यानेच. त्या दिवशी मी फक्त चहा केला. बाईने चुलीकडे बघितलं आणि मुलाला काही म्हणाली. तो म्हणाला, "ती विचारते, आज संगीत नाही का?"

मग ती सरळ नव्या बाथरूमपाशी गेली. आता ती घराच्या मधोमध होती, बिनखिडकीची, पिवळ्या दिव्याची. तिने भिंतींवर टकटक केलं, चारी. मग स्वयंपाकघरातलं स्टूल उचललं, आत नेलं आणि दार लावून घेतलं.

आम्ही तिघं बाहेर. पंख्याची बारीक घरघर. मुलगी नखं खात होती. हे तिने शाळेत सोडलं होतं. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा, हात खिशात. मला बसा म्हणाले. मी बसले, उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. आतून काहीच ऐकू येईना. चहा निवला. मी दार ठोठावायला हात उचलला, तर मुलीने तो धरून ठेवला.

दार उघडलं. ती स्टुलावरच बसली होती, पर्स मांडीवर नाही, खाली जमिनीवर. तिने हात वर करून डोक्यावरच्या मोकळ्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि बोलली. मुलाने मान वर करून ती भिंत बघितली.

"काय म्हणते?" माझ्या मुलीने विचारलं.

"इथे फळी पाहिजे, म्हणते." तो म्हणाला. "बरण्यांसाठी. थंडीत भाज्या खारवून ठेवते ती. अंधारी जागा लागते. म्हणते, बाथरूमला एवढी उंची फुकट कशाला."

माझी मुलगी अजून ऐकतच होती, पुढे काय म्हणते याची वाट बघत. मला कळलं: राहायचं नसलेल्या घरात कोणी बरण्यांना फळी मागत नाही. त्याला माझ्याही आधी कळलं होतं. तो बूट न घालताच घराबाहेर गेला. खिडकीतून दिसत होता, चिखलात, मोजे ओले करत, मक्याच्या खुंटांकडे तोंड करून. बाई त्याच्यामागे गेली नाही. स्टूल सरकवून नुसती बसून राहिली, दाराकडे बघत, जणू वर्गात एखादं पोर उत्तर शोधतंय आणि आपण बोलायचं नाही.

तो परत आला तेव्हा पँटच्या पट्ट्याला लावलेली मोजपट्टी त्याच्या हातात होती. त्याने आईला उठवलं, स्टुलावर चढला. तिने खालून दोन तळहात अंतर ठेवून एकावर एक धरून बरणीची उंची दाखवली. तो काही म्हणाला, तिने मान हलवली, त्याने पुन्हा म्हटलं, आणि मग आमच्याकडे न बघता इंग्रजीत: "एवढ्याने नाही होणार. टोमॅटोच्या बरण्या उंच असतात." आणि त्याने पेन्सिलीने भिंतीवर रेघ मारली, तिने दाखवली होती त्याच्यापेक्षा बरीच वर.